सुगुणनचं मुंडू

"नवरा-बायकोचं पुन्हा जमेल का, तेवढं सांगा," ओमनाने डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं. तिचा नवरा सुगुणन भिंतीवरच्या डासाच्या चित्राकडे बघत बसला.

"जमेल. नसा शाबूत आहेत, सुजलेल्या कातडीत सगळं बुडून गेलंय एवढंच. ती कातडी काढू. मग तीन महिने दम धरा. आणि रोज धुऊन कोरडं ठेवायचं, जन्मभर."

"अकरा वर्षं धरलाय दम," ओमना म्हणाली. "तीन महिन्यांचं काय घेऊन बसलात?"

हत्तीरोग पायात उतरला तर गावाला दिसतो. सुगुणनचा मांड्यांमध्ये उतरला होता, शहाळ्याएवढा. आमच्याकडे पुरुष मुंडू, म्हणजे कमरेची लुंगी, गुडघ्यांवर दुमडून कामं करतात आणि वडीलधारं माणूस दिसलं की झटकन खाली सोडतात. सुगुणनने ते अकरा वर्षांत दुमडलंच नाही. काथ्याच्या मागावरसुद्धा पायघोळ. गाव म्हणायचं, काय नम्र माणूस! त्याचे थोरले भाऊ, म्हणजे चेट्टा, भार्गवन तर चारचौघांत त्याचा दाखला द्यायचे. आम्ही मागावरचे सोबतीही मूर्ख, माना डोलवायचो.

ऑपरेशनचं कळल्यावर भार्गवन अंगणात येऊन बरसले. "पन्नाशी आली आणि आता ही हौस? घराण्याची लाज काढणार तुम्ही."

"लाज आम्ही अकरा वर्षं सांभाळली, चेट्टा," ओमना म्हणाली. "आता थोडे दिवस तुम्ही सांभाळा."

चार महिन्यांनी सुगुणन मागावर परतला. ओमना त्याच शेडमध्ये काथ्या वळते. त्या दिवशी तिच्या केसांत मोगरा होता. बायका कोपरखळ्या मारत होत्या आणि ती खुशाल मारू देत होती. मला तर फार बरं वाटलं.

तेवढ्यात भार्गवन आत आले. आम्ही सगळ्यांनी सवयीने मुंडू खाली सोडलं. सुगुणन उठला. त्याने खालचा काठ उचलला, गुडघ्यांवर दुमडला आणि कमरेला घट्ट बांधला.

"खाली सोड," भार्गवन म्हणाले.

"अकरा वर्षं सोडलेलंच होतं, चेट्टा. ते तुमच्यासाठी नव्हतं."

आम्हा सगळ्यांचे पाय उन्हाने रापलेले. सुगुणनचे गुडघे मात्र केळीच्या गाभ्यासारखे पांढुरके होते. ओमना त्या गुडघ्यांकडे क्षणभर बघत राहिली, मग खाली वाकून तिने काथ्याची पुढची पेंढी उचलली.