दवाखान्यातली नसाब

रामलाल नाईकानं तालुक्याच्या दवाखान्याच्या आवारातच नसाब बसवली. तांड्यात तंटा झाला की नाईक जाणत्या माणसांना गोलात बसवतो, दोषीला मधात उभं करतो आणि निवाडा होईस्तोवर कुणी उठत नाही, ती नसाब. सरकारी आवारात ती आजवर कुणी बसवली नव्हती. पण आत त्याची नात पायल दम लागून निळी पडत चालली होती, आणि मुलांच्या वॉर्डाला कुलूप होतं. आतल्या नव्या खाटांवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. मुलांचा डॉक्टर कधी नेमलाच नव्हता.

"दोषी कोन? आना मधात!" रामलाल गरजला.

माणसांनी शीला सिस्टरला आणलं. दुसरं कुणी सापडलंच नाही. तिचे पाय सुजले होते.

"लावा दंड," ती म्हणाली. "पन लवकर लावा. ऑक्सिजनचा मास्क पोरीच्या मायच्या, तुमच्या संगीताच्या हाती देऊन आली मी. तिकडं बाळंतीण कन्हून राह्यली. कालपासून घरी गेली नाही मी, नाईक. माह्या जागी येनार कोन?"

"मंग पोरीले यवतमाळले काहून धाडत नाही?"

"गाडी दुसरं लेकरू घेऊन तिकडंच गेली ना!"

रामलालची मान खाली गेली. "जाय बाई, पोरीजवळ जाय. दोषी तू नोहे."

त्यानं जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातल्या मोठ्या साहेबाला फोन लावला. साहेब म्हणाले, प्रस्ताव पाठवलेला आहे.

"प्रस्तावानं दम बसते का, साहेब? डॉक्टर धाडा. नाही त अख्खा तांडा तुमच्या बंगल्यासमोर बसवतो!"

दुपारी साहेबानं धाडलेले मुलांचे डॉक्टर, डॉ. संघदीप, शेजारच्या तालुक्यातून मोटरसायकलवर आले आणि धावतच आत गेले. बऱ्याच वेळानं घाम पुसत बाहेर आले. "श्वास सावरला. पण आज मला हलता येणार नाही."

माणसं धोतरं झटकत उठली. "जितला रे नाईका!" म्हातारी भुरीबाई ओरडली.

रामलालनं विचारलं, "डॉक्टरसाब, तुमच्या दवाखान्यात लेकरं हायेत?"

"वॉर्ड भरलेला आहे."

"अन् त्याईले पाह्याले कोन हाय?"

डॉक्टरांनी मान वळवली. "मीच होतो."

रामलालच्या अंगाचा भडका उडाला. साहेबानं डॉक्टर दिला नव्हता, दुसऱ्यांच्या लेकरांपासून ओढून तांड्याच्या पदरात टाकला होता. आणि त्याला परत जा म्हणायची रामलालची छाती होत नव्हती. त्याचाच त्याला जास्त संताप आला.

"बसा खाली!" तो कडाडला. "कोनी उठाचं नाही. दोषी अजून आलाच कुठं?"