हिरवट

“हे नवीन औषध कुणी आणलं?” नळीकाकांनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“कुठलं औषध?” काकू मागच्या दारी कपडे वाळत घालत होत्या.

“हे निळं. बाटली माझीच आहे, चिठ्ठीवरचं अक्षरही माझंच आहे. आतलं औषध मात्र कुणीतरी बदललंय.”

“तुमच्या त्या बाटलीला हात लावायची या घरात कुणाची छाती आहे? मी तर त्या फळीवरची धूळसुद्धा तुम्हाला विचारून पुसते.”

काकू अजिबात वाढवून सांगत नव्हत्या. ती फळी म्हणजे नळीकाकांचं राज्य होतं. सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी अडतीस वर्षं काचेच्या नळ्या हलवल्या, तापवल्या, धुतल्या आणि उजेडासमोर धरल्या. रक्त, थुंकी, लघवी, माणसाच्या अंगातून जे जे म्हणून बाहेर पडतं ते सगळं त्यांच्या नाकाखालून गेलं होतं. म्हणून गल्लीनं त्यांना हे नाव ठेवलं, आणि ते त्यांना इतकं चिकटलं की पत्रं देणारासुद्धा नळीकाका अशीच हाक मारायचा. ते निवृत्त झाले त्याच वर्षी दवाखान्यात यंत्र आलं. यंत्र मिनिटभरात आकडा छापून देतं, त्याला माणसाचा डोळा लागत नाही. तेव्हा अडगळीत निघालेल्या दोन डझन नळ्या, लाकडी चिमटा आणि स्पिरिटचा दिवा काकांनी मागून घेतला आणि घरी आणून फळीवर मांडला.

मग गल्लीतले लोक येऊ लागले. दवाखान्यात रांगेत ताटकळण्यापेक्षा हे बरं होतं, आणि काका त्याचे पैसे घेतही नव्हते. मोरचूद, धुण्याचा सोडा आणि लिंबाच्या आम्लाचा क्षार एकत्र करून ते स्वतःच औषध बनवायचे. पाच मिली निळ्या औषधात सकाळच्या लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी दिव्यावर धरून उकळायची. साखर नसली तर निळं निळंच राहतं. थोडी असली तर हिरवट होतं, त्याहून जास्त असली तर पिवळं, मग नारिंगी, आणि अगदीच हाताबाहेर गेली असली तर विटेसारखं लाल. “यंत्राला आकडा कळतो, मला रंग कळतो,” असं काका सांगायचे, आणि ते सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची.

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आज सतरा दिवस झाले होते. डावा पुढच्या महिन्यात व्हायचा होता. ‘आता रंग स्वच्छ दिसतील हं काका, दचकू नका,’ असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. काका दचकले नव्हते, उलट खूश झाले होते. दाराचा रंग, बादली, काकूंचे पांढरे केस, सगळं कसं धुऊन काढल्यासारखं दिसत होतं. या सतरा दिवसांत त्यांनी नळी हातात धरली नव्हती. आज सकाळी शाळेतल्या मोठ्या बाई आपली लघवीची छोटी बाटली दारात ठेवून गेल्या, तेव्हा कुठे ते फळीपाशी आले होते.

डोळ्यात औषध घालायची वेळ झाली होती. काकांनी मान वर करून उजव्या डोळ्यात थेंब सोडला, तो डोळा मिटून घेतला, आणि उरलेल्या डोळ्यानं सहज त्या निळ्या औषधाच्या बाटलीकडे पाहिलं.

औषध पुन्हा जुनं झालं होतं. मळकट, हिरवट, गेली कित्येक वर्षं दिसायचं तसंच.

त्यांनी उजवा डोळा उघडला. निळं. मिटला. हिरवट. पुन्हा उघडला. मग बाटली खिडकीत नेऊन ठेवली आणि लहान मूल खेळतं तसं एक एक डोळा झाकून पाहिलं. चार वेळा पाहिलं, पाच वेळा पाहिलं. अडतीस वर्षं नळीनं जे दाखवलं ते त्यांनी मानलं होतं, आता बाटली दाखवत होती ते न मानायला जागाच नव्हती.

मोठ्या बाईंची नळी त्यांनी उकळली. उजव्या डोळ्याला ती मोरचुदासारखी स्वच्छ निळी होती. डाव्या डोळ्याला हिरवट होती, आणि वहीत बाईंच्या नावापुढे गेले चौदा महिने तेच लिहिलं होतं. काका तिथेच पाटावर बसले.

वहीत असे नऊ जण निघाले. लाल असलेल्यांचं काही चुकलं नव्हतं, लाल ओळखायला मोतीबिंदू आड येत नाही. चूक सगळी हिरवटांत होती, मोतीबिंदूच्या पिवळट पडद्यातून निळंच हिरवट दिसत होतं. न उकळलेल्या औषधाची एक नळी शेजारी धरायची, हे काका नव्या माणसांना पहिल्याच दिवशी शिकवत. स्वतः मात्र त्यांनी ती कधी धरली नाही. धरली असती तर दोन्ही नळ्या सारख्याच हिरव्या दिसल्या असत्या, आणि तेवढ्यानंच काय ते कळलं असतं. आणि दवाखान्यात असताना हिरवट निघालेल्या माणसाला ते रक्त तपासायला पाठवत, नुसत्या नळीवर कुणाला आजारी ठरवत नसत. घरी बसल्यावर मात्र त्यांनी एकट्यानंच निकाल द्यायला सुरुवात केली होती. मोतीबिंदू वयाचा होता, हा तोरा मात्र त्यांचा स्वतःचा होता.

काकू आत आल्या. “असे का बसलात? चक्कर आली का?”

काकांनी सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं, बाटलीकडे पाहिलं.

“हे निळंच आहे की. कायम निळंच होतं.”

“मला हिरवं दिसत होतं.”

“म्हणजे माझंही काही नव्हतं?”

“नव्हतं. दोन वर्षं उगाच तुझी साखर तोडली मी.”

“मी कुठे तोडली होती?” काकू म्हणाल्या. “तुम्ही नळ्या धुवायला बसलात की चहात दोन चमचे टाकत होते. जरा जास्तच टाकत होते, चोरून प्यायचा म्हणून.”

काकांना यावर हसू यायला हवं होतं. “मला सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर तुम्ही आणखी एक नळी उकळली असती. जाऊ दे हो. चार माणसांनी चार दिवस गोड खाल्लं नाही, त्यात कुणाचा जीव गेला का?”

काका वहीतल्या एका नावावर बोट ठेवून बसले होते. काकूंनी वाकून पाहिलं. ते शिंप्याच्या आईचं नाव होतं. ती दोन महिन्यांपूर्वी गेली होती. गेली ती हृदय थकून, साखरेचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण त्याआधीची अडीच वर्षं शिंप्यानं नळीकाकांच्या शब्दावर आईच्या तोंडात साखरेचा कण जाऊ दिला नव्हता. सगळी गल्ली त्याचं कौतुक करायची, आणि सगळ्यांत जास्त कौतुक काका करायचे.

“त्याला नका सांगू,” काकू हळूच म्हणाल्या. “ती आता परत येणार आहे का? उगाच त्याच्या जिवाला घोर.”

“आणि मोठ्या बाईंना काय सांगू? त्या आज दुपारपासून साखरेचा चहा पिणार, आणि का पितेय ते शाळाभर सांगणार.”

काकूंनी वही मिटली. “मग त्याला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू देऊ नका. आधी त्याच्याकडे जा. आत्ताच जा.”

शिंप्याचं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. एरवी काका तिथवर पाच मिनिटांत जात, आज त्यांना किती वेळ लागला कोण जाणे. औषध जुनं झालं होतं, असं सांगावं का? मोरचूद भेसळीचा निघाला, असं सांगावं का? शिंप्यानं लगेच विश्वास ठेवला असता. पण प्रयोगशाळेत आपली चूक नळीवर ढकलणाऱ्या माणसाचं काका तोंड पाहत नसत, आणि आता म्हातारपणी ते तोंड आरशात पाहायची त्यांची तयारी नव्हती. ते फार थकले होते. कुठेतरी टेकावं आणि हे सगळं दुसऱ्या कुणीतरी सांगावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

“अरे वा, काका! डोळा झाला वाटतं?” शिंप्यानं मशीन थांबवलं आणि कपड्यांचा ढीग सरकवून त्यांना बसायला जागा केली. “दिसतंय ना स्पष्ट?”

“दिसतंय. त्याचंच तुला सांगायला...”

“थांबा, आधी माझं एक काम करा. तुमचा डोळा होईपर्यंत राखून ठेवलंय.” शिंप्यानं खणातून एक फाइल काढली. “आईचे दवाखान्यातले कागद. मला त्यातलं काही कळत नाही. पण तिथली नर्स म्हणाली होती, साखर अगदी जागेवर आहे म्हणून. बघा ना, लिहिलंय का तसं?”

काकांनी कागद उजव्या डोळ्यासमोर धरला. यंत्रानं छापलेला आकडा होता. निरोगी माणसाचा असावा तसा होता.

“लिहिलंय.”

“बघा!” शिंपी म्हणाला. “बाकी काही जमलं नाही मला. हृदयाचं काही करता आलं नाही. पण साखर मी शेवटपर्यंत वाढू दिली नाही. तुमचा शब्द पाळला.”

काकांनी कागद खाली ठेवला. शिंपी कात्रीशी चाळा करत होता, त्याला आणखी काहीतरी विचारायचं होतं.

“काका, एक विचारू? खरं सांगाल? जायच्या आठ दिवस आधी तिनं पावाला लोणी आणि साखर लावून मागितली होती. लहानपणी मला द्यायची तशी. मी नाही दिली. नुसतं लोणी लावून दिलं. तिनं एक घास खाल्ला आणि बाजूला ठेवला. तेवढी एक दिली असती, तर काय झालं असतं हो?”

रस्त्यानं येताना जुळवलेली सगळी वाक्यं काकांच्या डोक्यातून पळाली.

“काही झालं नसतं,” ते म्हणाले. “तिला साखरेचा आजारच नव्हता. मला निळं हिरवं दिसत होतं. औषध बरोबर होतं, तिचंही सगळं बरोबर होतं, डोळा माझा गेलेला होता. मला ते आज सकाळी कळलं. चूक माझी आहे. मी तिला रक्त तपासायला पाठवायला हवं होतं, ते मी केलं नाही.”

एवढं ते एका दमात बोलले. शिंपी रागवेल, ओरडेल, फाइल तोंडावर फेकेल, याची त्यांनी तयारी ठेवली होती. शिंप्यानं यांतलं काहीच केलं नाही. त्यानं कात्री मिटून बाजूला ठेवली.

“तिला माहीत होतं,” तो म्हणाला.

“काय?”

“गेल्या वर्षी तुम्ही शर्ट आणला होतात, बटण तुटलं म्हणून. काजं-बटणं आईच करायची. तिनं रिळं पुढे धरली आणि विचारलं, कुठला दोरा लावू. तुम्ही बोट दाखवून म्हणालात, हा हिरवा लावा, शर्टाला मिळतोय. काका, शर्ट निळा होता. दोराही निळाच होता. ती काही बोलली नाही, बटण लावून दिलं. तुम्ही गेल्यावर मला म्हणाली, या माणसाला निळं कळत नाही रे, हा माझी साखर कशी बघतो?”

काकांना तो शर्ट आठवला. बटण फार छान बसलं होतं, दोऱ्याचा फरक कळतसुद्धा नव्हता, म्हणून त्यांनी काकूंना मुद्दाम दाखवलं होतं.

“मी काय म्हटलं तिला माहितीये?” शिंप्याचा आवाज आता अगदी खाली आला होता. “म्हटलं, गोड मिळत नाही म्हणून त्या देवमाणसाला नावं ठेवतेस? अडतीस वर्षं काढलीत त्यांनी त्या कामात. दोन दिवस बोललो नाही मी तिच्याशी. मग तिनं पुन्हा कधी विषय काढला नाही. पाव मागितला तोच काय तो.”

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी लागू द्यायचं नव्हतं, म्हणून ते रुमालानं टिपत राहिले, आणि आपण आत्ताही आपल्या डोळ्याची काळजी करतोय याची त्यांना भयंकर लाज वाटली.

“मी तुझ्या...”

“आता काही बोलू नका काका,” शिंपी म्हणाला. त्यात राग नव्हता. “तुम्ही या आता.”

काका उठले. दारापर्यंत आले आणि थबकले. एक डोळा स्वच्छ आणि एक मळका, त्यामुळे खालच्या पायऱ्या नेमक्या कुठे आहेत याचा अंदाज येत नव्हता. पाऊल पुढे टाकलं, पुन्हा मागे घेतलं. मागून स्टूल सरकल्याचा आवाज आला. शिंपी जवळ आला आणि त्यांच्याकडे न पाहता त्यानं त्यांचं कोपर धरलं.

“दोन आहेत,” तो म्हणाला. “ही एक. सावकाश. आणि ही दुसरी.”

काकांचा पाय रस्त्याला लागल्यावर त्यानं हात सोडला आणि तो आत गेला. भर अकरा वाजता दुकानाचं शटर अर्धं खाली आलं, जरा थांबलं, मग पूर्ण खाली आलं. नळीकाका थोडा वेळ उन्हात उभे राहिले. मोठ्या बाईंचं घर उजव्या हाताला होतं. ते धरून अजून सात घरं राहिली होती.