खडूची होडी

घरातल्या पाच माणसांसाठी होडी घ्यायची ही कल्पना माझी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळे ते सोयीस्करपणे विसरले. आठवडाभर कारखान्यात करवतीचा आवाज आणि घरी आल्यावर त्याच कामावरून भांडणं. सुट्टीच्या दिवशी तरी सगळ्यांनी एका जागी बसावं, पाण्यात गळ टाकावा, जमलं तर जेवणापुरते मासे आणावेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. गळ टाकायची सवयही घरात मलाच. लग्नाआधीपासून मी खाडीच्या खडकांवर बसून मासे धरत आलेय, आणि लेकीला आमिष लावायलाही मीच शिकवलं.

आमचा फर्निचरचा कारखाना. सासरे, नवरा आणि दीर लाकूडकाम करतात, मी गाद्या आणि खुर्च्यांची कव्हरं शिवते. सासऱ्यांची एक पद्धत आहे. कपाट असो की पलंग, आधी तो कारखान्याच्या फरशीवर खडूने खऱ्या मापात काढायचा आणि गिऱ्हाइकाला त्या चौकटीत उभं करायचं, नाहीतर आडवं करायचं. चांगली शिकलीसवरलेली माणसं खडूच्या पलंगावर झोपून कूस बदलताना मी पाहिली आहेत. पद्धत चांगली आहे, गिऱ्हाईक नंतर तक्रार घेऊन येत नाही. त्यामुळे होडीही आधी फरशीवर येणार हे ठरलेलंच होतं.

दोन होड्या बघून ठेवल्या होत्या. मी पाहिलेली सपाट बुडाची, रुंद, बुटक्या काठाची, छोट्या इंजिनाची. पाच माणसं आरामात. भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी पाहिलेली लांब, निमुळती, उंच काठाची, आणि मागे हे एवढं इंजिन. विकणाऱ्याने त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं आणि ते तिथून उतरायला तयार नव्हते.

"वहिनी, तुमची ती होडी आहे की परात?" ते म्हणाले. "त्यात कणीक मळा."

सगळे हसले. मीही हसले, कारण विनोद बरा होता.

"भाऊजी, आपल्याला खाडीत जायचंय. समुद्र ओलांडायचा नाहीये," मी म्हटलं. ते मात्र कुणी ऐकलं नाही.

सासऱ्यांनी गुडघा धरत वाकून भाऊजींची होडी फरशीवर काढली. अगदी देखणी रेघ. मग आत बसायच्या जागा आखल्या आणि एकेकाला बोलावलं. मागे इंजिनापाशी नवरा, पुढे भाऊजी, मधल्या फळीवर ते स्वतः आणि त्यांच्या शेजारी माझी लेक. चौघंही रेघ ओलांडून फरशीवर बसले आणि लाटांवर असल्यासारखे डुलायला लागले. मी हातात सुई-दोरा घेऊन रेघेबाहेर उभी.

"आणि मी?"

"हिच्यात चौघंच बसतात," सासरे म्हणाले. "तू पुढच्या फेरीला ये, सूनबाई."

"तसंही कुणीतरी धक्क्यावर थांबायला हवंच," नवरा म्हणाला. "सामानाजवळ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला मुद्दाम वगळलं असतं तर भांडता तरी आलं असतं. पण यांच्या मनात काहीच वाईट नव्हतं. मी त्यांच्या खिजगणतीतच नव्हते. सासूबाई आज असत्या तर त्यांनाही यांनी सामानाजवळच बसवलं असतं. आणि माझी लेक आजोबांना टेकून खुशाल खोटा खोटा गळ टाकत होती. मला तिचाही राग आला. आईने लेकीचा राग करू नये वगैरे मला कुणी सांगायला येऊ नये.

"बाबा, या रेघेला उंची नाही," मी म्हटलं. "त्या होडीचा काठ बघितलात ना? तुमचा गुडघा वाकत नाही. पाय आत कसा टाकणार?"

"आम्ही आहोत की धरायला," भाऊजी म्हणाले.

"अगं, इतकी वर्षं आम्ही असंच करतोय," नवरा म्हणाला. "एक पलंग तरी चुकला का?"

"पलंगावर चढताना खाली पाणी नसतं."

"झालं हिचं सुरू," तो म्हणाला, आणि पुन्हा डुलायला लागला.

त्या दिवशी मी घरातल्या एकाही भांड्याची गय केली नाही. पुढे कारखाना झाडताना मात्र ती होडी तेवढी सोडून झाडत राहिले. पुसली असती तर म्हणाले असते, रागाने पुसली. रागच होता, पण तो खडूवर काढायचा नव्हता.

सुट्टीच्या दिवशी आम्ही होडी पाण्यात चालवून बघायला गेलो. विकणाऱ्याने दोन्ही होड्या धक्क्याला बांधून ठेवल्या होत्या. नवऱ्याने मला डबे, टॉवेल, पाण्याच्या बाटल्या, गळ, आमिष यांच्यासकट बाकावर बसवलं. भाऊजी उडी मारून होडीत गेले. त्यांचा हात धरून लेक गेली, मागोमाग नवरा. मग सासरे पायरी उतरले.

फरशीवरच्या रेघेवरून त्यांचा पाय नुसता सरकला होता. इथे तो उचलायचा होता. त्यांनी उचलला, गुडघा अर्ध्यावर अडला, आणि तेवढ्यात होडी जरा लांब सरकली. त्यांनी पाय मागे घेतला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

मग दोघं मुलगे पायरीवर उतरले आणि बापाला दोन्ही बगलांतून धरून उचलायला लागले. "तुझ्या बाजूने वर घे." "थांब, इकडे तिरकं होतंय." कपाट जिन्यावरून चढवताना जे बोलतात, तेच. सासरे मधल्यामध्ये लटकले होते. त्यांच्या एका पायातली चप्पल पाण्यात पडली.

"खाली ठेवा मला," ते म्हणाले. आवाज अगदी हळू होता. मुलांनी त्यांना खाली ठेवलं.

मग नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

"अगं, मग तू ये की. जागा झाली."

जागा झाली. म्हातारा गळला म्हणून मला जागा झाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण तोंडातून एकच शब्द निघाला.

"नको."

"आई, ये ना," लेक म्हणाली.

"नको म्हटलं ना."

"बरं, मग बाबांजवळ बस. आम्ही एक चक्कर मारून आलोच," नवरा म्हणाला. "तुम्ही दोघं पुढच्या फेरीला या."

इंजिन खच्चून ओरडलं आणि ते गेले. सासरे डब्यांशेजारी येऊन बसले, एक पाय उघडा. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

"कसं वाटतंय सामानाजवळ?" मी विचारलं. लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी या आवाजात कधी बोलले नव्हते.

त्यांनी उघडा पाय चप्पल घातलेल्या पायावर ठेवला. "राग येतोय," ते म्हणाले.

"मलाही."

मी उठले आणि विकणाऱ्याला म्हटलं, सपाट होडी सोडा.

"तुम्ही चालवणार?"

"होडी बघायला आले तेव्हा तुम्हीच चालवून बघू दिली होतीत ना मला? आज काय वेगळं आहे?"

त्याने मुकाट्याने लाइफ जॅकेटं दिली. मी सामानातून दोन गळ आणि आमिषाचा डबा उचलला. सासरे होडीच्या बुटक्या काठावर बसले, एक पाय आत घेतला, मग हाताने धरून दुसरा. कुणी त्यांना धरलं नाही, गरजच पडली नाही. ते मधल्या फळीवर बसले, मी मागे इंजिनापाशी. होडी परातीसारखीच चालत होती, सावकाश आणि सपाट. पाणी शांत होतं तिथे मी इंजिन बंद केलं आणि दोघांचे गळ टाकले.

थोड्या वेळाने त्यांनी खिशातून खडू काढला. खडूशिवाय ते घराबाहेर पडतच नाहीत. वाकून माझ्या फळीवर, माझ्या शेजारून रेघ ओढायला लागले. फळी ओली होती. खडू उमटेना, नुसता चिखल झाला.

"तेव्हाच आखायला हवी होती तुझी जागा," ते म्हणाले.

"राहू द्या, बाबा. मी बसलेय."

त्यांनी खडू खिशात ठेवला.

लांब धक्क्यावर ती होडी परत आली होती. तिघं डब्यांपाशी उभे राहून हात हलवत होते. भाऊजी तोंडाशी हात धरून काहीतरी ओरडत होते.

"बोलावतायत," सासरे म्हणाले. "हिच्यात जागा आहे तशी त्यांना."

"आहे ना. पाचही जणांना आहे." मी गळ वर घेतला. आमिष गेलं होतं, नवं लावायला घेतलं. "त्यांना म्हणावं, पुढच्या फेरीला."

मी विनोद केला नव्हता, आणि तेही हसले नाहीत. त्यांनी फक्त आमिषाचा डबा माझ्याकडे सरकवला.