एकतोंडी घटना

मी नेमकं काय शिकते हे आईला अजून नीट कळलेलं नाही. पदवीचं पूर्ण नाव ‘सुरक्षा आणि राजकीय संघर्ष’. ते जिभेवर बसत नाही, म्हणून ती गल्लीत सांगते की मुलगी भांडणांचं शिकते. त्यावर शेजारीण म्हणाली होती, मग सुट्टीत आली की आमच्या घरातल्या जावांचं मिटवून दे म्हणावं. मला तेव्हा हसू आलं होतं. जावांचं भांडण मिटवायला अक्कल लागते, आणि आमच्या अभ्यासक्रमात तो विषय नाही.

आम्ही भांडणं मिटवत नाही, मोजतो. इथे परदेशात, आमच्या विभागाच्या तळघरात एक लांबट खोली आहे. तिथे बसून जगभरच्या गोळीबारांच्या आणि चकमकींच्या बातम्या वाचायच्या आणि एकेक घटना संगणकावरच्या मोठ्या तक्त्यात भरायची. कुठे घडली, कुणी केली, किती मेले, मेलेले नागरिक होते की लढणारे. एकच घटना दोन विद्यार्थी वेगवेगळे बसून भरतात. दोघांचं जुळलं की नोंद पक्की, नाही जुळलं तर निवाडा सरांकडे. आणि या सगळ्याच्या वरचा नियम असा की एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणांहून बातमी आल्याशिवाय घटना घडलेलीच नाही. एकाच ठिकाणची असेल तर ती बाजूला पडून राहते. तिला आम्ही विद्यार्थी ‘एकतोंडी’ म्हणतो. सरांना पुरावेमामा म्हणतो, कारण बाहेर गारठा आहे असं कुणी म्हटलं तरी ते आधी खिडकी उघडून हात बाहेर काढतात. माणूस वाईट नाही. तोच तर त्रास आहे, वाईट माणसावर निदान मनापासून चिडता येतं.

तर माझा भाऊ एकतोंडी होता.

माझ्याहून धाकटा. फ्रीज दुरुस्त करायचा, म्हणून सगळं गाव त्याला बर्फ्या म्हणायचं, आणि त्यालाही ते आवडायचं. दवाखान्यातला लशींचा फ्रीज बंद पडला म्हणून कंपाउंडरने त्याला बोलावून घेतलं. खांद्यावर तांब्याच्या नळीचं वेटोळं आणि हातात गॅस भरायची छोटी टाकी घेऊन तो निघाला. वाटेत सैन्याची चौकी लागते. तिथे त्याला गोळ्या घातल्या. प्रेत गाडीत टाकून नेलं, ते आजतागायत दिलेलं नाही. सरकार म्हणालं, त्या दिवशी त्या रस्त्यावर काहीच घडलं नाही. गावातल्या एका वार्ताहराने चार ओळी छापल्या, तेवढंच एक तोंड.

आई प्रेत मागायला सैन्याच्या कचेरीत गेली. तिथल्या कारकुनाने अगदी नम्रपणे विचारलं की आजी, काही घडलंच नाही तर मी प्रेत आणू कुठून. ती परत आली. मग तिच्या मनाने घेतलं की मुलगी शिकते तिथे जगातल्या सगळ्या मारलेल्यांची नोंद होते, तेव्हा आपल्याही मुलाची होईलच.

"तुमच्या विद्यापीठाचा छापील कागद घेऊन जाते मी त्यांच्याकडे," ती फोनवर म्हणाली. "मग तरी घडलंच नाही म्हणता येणार नाही ना. मला कुणाशी भांडायचं नाही गं. मला तो घरी हवाय."

मी काय काय केलं ते सांगत बसत नाही. कंपाउंडरने कानावर हात ठेवले. वार्ताहराने माझ्या आग्रहाने आणखी एक बातमी छापली, पण तोंड तेच, त्यामुळे ती मोजली गेली नाही. त्यानंतर तो बायकामुलांसह गाव सोडून गेला, आणि का गेला हे कुणी कुणाला विचारलं नाही. शेवटी मी पुरावेमामांकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं, मला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की घरच्यांची साक्ष धरत नाहीत हे तुला माहीत आहे. उद्या दुसऱ्या बाजूच्या, सैनिकांच्या आयाही फोन करतील, म्हणाले, आणि त्याही खोटं बोलत नसतील. मला संताप आला, कारण त्यांच्या खुर्चीत मी असते तर हेच बोलले असते.

माझ्या शेजारच्या टेबलावर चिमणी बसते. सारखी चिवचिवत असते म्हणून चिमणी. ती अशा देशातून आली आहे जिथे बस उशिरा आली तर वर्तमानपत्रात छापून येतं. भावाचं कळल्यापासून तिने मनाशी ठरवून टाकलं होतं की माझा दुसरा स्रोत आपण शोधायचा. मला न सांगता ती कितीतरी दिवस आमच्याकडची जुनी पत्रकं आणि अंक भाषांतराच्या यंत्रात घालून वाचत होती. एका दुपारी मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते, तिथे ती धावत आली.

"मिळाला," ती म्हणाली. "दुसरा स्रोत मिळाला." आणि तिने मला मिठीच मारली.

मी सुरी हातात तशीच धरून रडले, हसले, तिच्या पाठीवर थापटलं. मूर्खासारखी.

मग तिने फोनवर दाखवलेला मजकूर मी वाचला. तो सैन्याच्याच मासिकातला होता. चौकीवरच्या अधिकाऱ्याला शौर्यपदक मिळालं, त्याचं कौतुक. स्फोटकांची टाकी आणि तारांचं वेटोळं घेऊन चौकीवर चालून आलेल्या एका बंडखोराला त्याने जागीच ठार केलं होतं. रस्ता तोच, तारीख तीच. कचेरीला जे घडलंच नव्हतं त्याबद्दल छावणीत पदक वाटून झालं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

यावरही नियम आहे. मेलेला कोण होता याबद्दल दोन स्रोतांत फरक पडला, तर जो घटनेच्या जागी हजर होता त्याचं धरायचं. वार्ताहर नंतर पोहोचला होता. सैनिक हजर होते, ते हजर असणारच. चिमणीने माझ्याकडे येण्याआधी तिची अर्धी नोंद भरूनही टाकली होती, नियमाप्रमाणे, ‘लढणारा’ या रकान्यात.

मी तिच्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा तिच्या ध्यानात आलं. मला वाटलं निदान नोंद तरी होईल, एवढंच ती पुटपुटली. तिच्यावर काय ओरडणार. तिने माझ्यासाठी डोळे फोडून घेतले होते आणि नियम एका अक्षरानेही मोडला नव्हता.

मी माझी अर्धी नोंद ‘नागरिक’ म्हणून भरली. जुळलं नाही, आणि पुरावेमामांनी मला बोलावलं.

"तो फ्रीज दुरुस्त करायचा, सर."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे. पण तुझ्यासाठी नियम वाकवला, तर बाकीच्या नोंदींवर कुणी का विश्वास ठेवावा?"

मी विचारलं, त्या बाकीच्या नोंदींत मी स्वतः वर्षभर ‘लढणारा’ या रकान्यात जी माणसं घातली, ती काय दुरुस्त करायला निघाली होती? ते चष्म्याची काडी उघडत-मिटत बसले. मग संगणक स्वतःकडे वळवला आणि माझी नोंद त्यांनीच बदलली, मला ती बदलावी लागू नये म्हणून. त्यांच्या परीने ती माया होती. बर्फ्या पक्का झाला. नाव नाही, वय नाही, फक्त आकडा एक, लढणारा.

वर्षभर मी असे एक, दोन, सात भरत आले होते. चहा पीत भरत होते. दुसऱ्याचं मरण किती सोपं असतं हे शिकायला मी इतक्या लांब आले, असं मला त्या दिवशी वाटलं आणि अजूनही वाटतं.

आता आईला कागद द्यायचा म्हणजे काय, ते सांगते. आमच्याकडे बंडखोराचं प्रेत घरच्यांना देत नाहीत, तसा कायदाच आहे. बंडखोराचं घर पाडतात आणि घरच्यांना चौकशीला नेतात. तिने तो कागद कारकुनापुढे ठेवला असता, तर स्वतःच्याच हाताने लेकाला बंडखोर ठरवून आली असती, तेही परदेशातल्या विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी. तक्ता सगळ्या जगाला खुला आहे. आईला संगणक येत नाही, एवढीच काय ती देवाची कृपा.

ठरल्याप्रमाणे तिचा फोन आला. मी खोलीचं दार लावलं आणि पलंगावर बसले.

"झाली का गं नोंद?"

"नाही, आई. एकाच ठिकाणची बातमी आहे. ते धरत नाहीत."

मला वाटलं, आता रडेल. रडावं, आणि मग आशा सोडावी, एकदाची सोडावी, असंच मी मनात म्हणत होते. स्वतःच्या आईसाठी मी दुसरं काही मागू शकत नव्हते.

"म्हणजे अजून एकच माणूस हवा," ती म्हणाली. आवाज चांगला खणखणीत होता.

"आई, सोड ना आता."

"सोडू कशी? तू तिथे एवढी खटपट करतेस, आणि मी इथे नुसती बसून राहू? एकाने तरी पाहिलंच असेल की. कंपाउंडरची बायको तेव्हा गच्चीवर कपडे वाळत घालत होती म्हणतात. तिला विचारते. ती नाही म्हणाली तर पलीकडच्यांना. घरोघर जाऊन विचारते."

मी तिला नको म्हणाले, पुन्हा पुन्हा म्हणाले, वार्ताहराचं काय झालं त्याची आठवण करून दिली. तिने सगळं ऐकून घेतलं, मला नीट जेवत जा म्हणून सांगितलं, आणि कंपाउंडरची बायको या वेळेला घरी एकटीच असते, असं म्हणून फोन ठेवला.