चंपतची जोड

कुस्तीचा निकाल आखाड्यात लागत नाही. आखाड्यात माणूस पडतो, एवढंच. निकाल नंतर लोकांच्या तोंडी लागतो आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. भिलाईत भट्टीतून पहिलं लोखंड वाहून जेमतेम वर्ष झालं होतं, रस्त्यांना अजून नावं नव्हती. अशा त्या नव्या गावात निकाल लावण्याचं हे पवित्र काम मारोतराव डोंगरे करीत. उरलेल्या वेळात, म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत, ते स्टोअर्समध्ये नटबोल्ट मोजत.

"मारोतराव, थे गोंदियाची कुस्ती सांगा ना. पैलवान रडला होता थे."

"बारा आणे," बशीतल्या चहावर फुंकर घालत मारोतराव म्हणाले.

तेजरामच्या टपरीवरची मंडळी सरसावून बसली. भय्याजी फिटर म्हणाला, "मागच्या साली बी बाराच सांगतले होते."

"मंग? कुस्ती तेच हाये ना? का मधात सुधारली?"

सोळा आणे म्हणजे पुरी, खरी कुस्ती. ती मारोतरावांनी आजवर कुणाला दिली नव्हती. मोठमोठे पैलवान, ज्यांच्या नावानं गावोगाव तालमी निघाल्या, ते चौदावर अडकून मेले होते. नये पैसे सुरू झाल्यावर एका पोरसवदा क्लार्कनं, "बारा आणे म्हणजे आता पंचाहत्तर म्हना," असं सुचवून पाहिलं. मारोतराव म्हणाले, "सरकारनं नाणं बदललं. कुस्ती नाई बदलली." तो क्लार्क पुन्हा टपरीवर आला तो उधारी फेडायलाच.

स्वतः मारोतरावांनी जन्मात लंगोट बांधला नव्हता. भंडारा जिल्ह्यातल्या खैरीच्या जत्रेतल्या कुस्त्या त्यांनी चिंचेच्या फांदीवरून पाहिल्या होत्या, कारण त्यांच्या वस्तीतल्या पोरांना आखाड्याभोवती बसायला जागा नव्हती. फांदीचा एक फायदा असतो. पाठ टेकली की नाही, हे तिथून पंचांपेक्षा चांगलं दिसतं. समीक्षक बहुधा असेच तयार होतात.

त्या दिवशी ते टपरीवरून घरी आले, तर दारात चंपत उभा. चंपत म्हणजे रुक्माचा, त्यांच्या बायकोचा, धाकटा भाऊ. प्लँटच्या बांधकामावर एका ठेकेदाराकडे खलाशी होता. उंच खांबांवर चढून लोखंडी तुळया जागेवर बसवायच्या, असं ते काम. छाती दाराच्या चौकटीएवढी आणि आवाज शाळेतल्या मुलीसारखा.

"भाऊजी, मले जोड भेटली."

घरात भाकरी थापणाऱ्या रुक्माचा हात थांबला.

या घरात तो शब्द जपून वापरला जाई. जोड म्हणजे तोडीचा प्रतिस्पर्धी. जत्रेत पंच पैलवानाचा हात धरून त्याला आखाड्याभोवती फिरवतात, याची जोड कोण म्हणून विचारतात, आणि समोरून कुणी माती उचलली की कुस्ती लागते. चंपत अठरा वर्षांचा असताना अंगाला माती फासून खैरीच्या आखाड्यात उतरला होता. वस्तीच्या मागं स्वतः खणलेल्या हौद्यात त्यानं तीन वर्षं मेहनत केली होती. पंचांनी त्याचा हात धरला नाही. हात धरायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी त्याला लांबूनच वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "याची जोड नाही."

दिवस मावळेपर्यंत तो तिथंच उभा राहिला. अंगावरची माती वाळून आपोआप गळाली.

त्याची माय, गिरजाबाई, लांब बायकांच्या घोळक्यात होती. तिच्या कानावर तेवढे तीन शब्द पोचले. तिनं घरोघरी गूळ वाटला. पंचांनी भर आखाड्यात सांगितलं, माह्या पोराची जोड नाही! पुढं नागपूरला दीक्षा झाली, घरातले देव गेले, गाव सुटलं. म्हातारीचं हे वाक्य तेवढं राहिलं. चंपतनं तिला कधी समजावून सांगितलं नाही. मारोतरावांना सगळं दिसलं होतं. फांदीवरून.

"कोन हाये जोड?" मारोतरावांनी विचारलं.

"इगोर म्हून हाये. रशियन. इतवारी, मैदानावर."

मारोतरावांचा चेहरा उतरला. फ्री स्टाईल कुस्त्यांच्या कंपनीचे रंगीत कागद गावभर लागले होते. गावात खरे रशियन इंजिनियर असल्यामुळे कंपनीनं आपल्या एका मल्लाला रशियन करून टाकलं होतं. तो मेरठकडचा होता, नाव जगतराम, डोळे घारे. भिलाईत असेपर्यंत त्यानं चारचौघांत हिंदी बोलायचं नाही, अशी मॅनेजर ओमप्रकाशची सक्त ताकीद होती.

"तिसऱ्या राउंडात कोन पडनार?"

"मी," चंपत म्हणाला. "मॅनेजर म्हणे, तुम बहोत अच्छा गिरोगे."

"नूरा कुस्ती हाये थे. ठरवून पडाची. नाटक."

"हो. पन भाऊजी, रेफरी हात धरून आत नेते. नाव पुकारते. तुमी येसान ना? आणे सांगसान?"

"नूरा कुस्तीले आणे नसतात."

चंपत मान हलवून निघून गेला. असं उत्तर त्याला सवयीचं होतं. रुक्मा मात्र तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाहेर आली.

"साऱ्या मुलखाच्या कुस्त्या तोलल्या तुमी. मेलेल्याच्या बी तोलल्या. माह्या भावाले उभ्या जन्मात एक भेटली, तं तराजू उलटा करून ठेवला?"

"अवं, पन थे खोटी हाये."

"खरी त्याले कोनं दिली होती? तुमी?"

मारोतराव रविवारी मैदानावर गेले.

मैदानावर कनातीच्या आत पाच हजार माणसं होती असं नंतर लोक सांगत. मैदानात पाच हजार मावत नव्हती. पुढच्या खुर्च्यांवर खरे रशियन बायकामुलांसह बसले होते. इगोर लाल झगा घालून आत आला तेव्हा त्यांच्यातल्या एकानं उठून त्याला काहीतरी प्रेमानं ओरडून विचारलं. इगोरनं सवयीनं हात जोडले, मग भानावर येऊन एक हात छातीवर नेला आणि म्हणाला, "खराशो." खराशो म्हणजे छान. तेवढं रशियन भिलाईतल्या भाजीवालीलाही येत होतं. इंजिनियर गोंधळून खाली बसला.

मग रेफरीनं चंपतचा हात धरला आणि त्याला दोरांच्या आत नेलं. "छत्तीसगढ़ का शेर!" चंपत भंडाऱ्याचा होता, पण ते असो. आपला हात धरलेल्या त्या हाताकडे तो पाहत होता. रेफरीनं तो सोडला तरी चंपतनं लगेच खाली घेतला नाही.

पहिले दोन राउंड जसे व्हायचे तसे झाले. इगोरनं केस ओढले, रेफरीनं त्याला दम भरला, बायका ओरडल्या. मारोतराव हाताची घडी घालून बसले होते. शेजारी भय्याजीनं विचारलं, "किती होऊन राह्यले?" ते म्हणाले, "सुरूच नाई झाली."

तिसऱ्या राउंडात इगोर चंपतला उचलण्यासाठी वाकला. घामानं त्याचा हात निसटला आणि एक पाय उघडा पडला. तीन वर्षं एकट्यानं मातीला घाम पाजलेलं शरीर कुणाला विचारत बसलं नाही. चंपत खाली गेला, त्यानं पट काढला, म्हणजे तो पाय धरून ओढला, आणि पुढच्या श्वासाला तो भला दांडगा माणूस आकाशाकडे तोंड करून पडला होता. दोन्ही खांदे टेकलेले. वर चंपत.

मारोतराव खुर्चीवर चढून उभे राहिले होते. मागचे लोक शिव्या देत होते. त्यांना दिसत होतं ते असं: चंपत मान वळवून रेफरीकडे पाहत होता, आणि रेफरी खाली बसून बुटाची नाडी बांधत होता. ओमप्रकाश दोराशी येऊन काहीतरी किंचाळत होता. लोकांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. इगोरचे ओठ हलले. चंपतच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं, आणि तो उठला.

नंतर इगोरनं ठरल्याप्रमाणे त्याला डोक्यावर उचलून फेकलं. ठरल्याप्रमाणे पडायला मात्र चंपतला जमलं नाही. तो उजव्या खांद्यावर आला. रेफरीला आता नाडी बांधायची नव्हती. त्यानं भराभर आकडे मोजले. रशियनांनी शिस्तीत टाळ्या वाजवल्या.

हॉस्पिटलात चंपतचा खांदा बांधला जात असताना मारोतरावांनी त्याला विचारलं, "काय म्हणला रे थो तुले?"

"म्हणे, 'भाई, मैं तो रशियन हूँ. मैं कैसे हारूँ?'" चंपतला त्या दुखण्यातही हसू आलं. "मले तवा बी हासू आलं, भाऊजी. हासू आलं तं पकड ढिल्ली झाली. मंग म्हणलं, जाऊ दे. त्याचं बी पोट हाये."

दुसऱ्या दिवशी टपरीवर गर्दी होती. मारोतरावांनी चहा घेतला नाही. उभ्यानंच म्हणाले, "सोळा."

तेजरामचा स्टोव्ह तेवढा भणभणत राहिला.

"सोळा?" भय्याजी म्हणाला. "कोनाले?"

"कालच्या कुस्तीले. चंपतनं चित केलं. दोन्ही खांदे टेकले होते. मी पाह्यलं."

"रेफरीले नाई दिसलं. रशियनांले नाई दिसलं. आमी सारे तथीच होतो, आमाले नाई दिसलं."

"थे नाटक समजून राह्यले होते तुमी."

"अन् तुमी?"

"तेवढं एकच खरं होतं त्याच्यात."

भय्याजीनं सगळ्यांकडे पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. पण असा घास रोज ताटात पडत नाही. "वा रे वा मारोतराव! मोठमोठे पैलवान चवद्यात मारले, अन् साल्याले सोळा!"

टपरी हसली. साला हा शब्द कुठल्या अर्थानं घ्यायचा, हे ज्यानं त्यानं ठरवलं.

नेमक्या त्याच वेळी ओमप्रकाश इगोरला घेऊन रस्त्यानं चालला होता. रात्रीच्या खेळाआधी त्याला गावातून फिरवून आणायचा रिवाज होता. मारोतराव रस्त्यात आडवे गेले. मागून सगळी टपरी.

"भाईसाब," मारोतराव त्याच्या घाऱ्या डोळ्यांत बघत म्हणाले, "आप इमानदारी से बताओ. कल आप चित हुए थे कि नहीं?"

इगोरच्या नाकावर खरचटलं होतं. त्यानं मारोतरावांकडे पाहिलं, ओमप्रकाशकडे पाहिलं. सरळ दिसत होतं की त्याला बोलायचं आहे. भोवती लोकांचं कोंडाळं वाढत चाललं होतं.

"खराशो," इगोर म्हणाला.

लोक इतके हसले की तेजराम स्टोव्ह सोडून बाहेर आला. इगोर मान खाली घालून पुढं गेला. दहा पावलांवर त्यानं एकदा वळून पाहिलं, पण तोवर मारोतराव दुसरीकडे बघत होते.

घरी चंपत खाटेवर पडून होता. "काय म्हणले लोक?"

"सोळा सांगतले मी."

"सोळा?" त्यानं उशीवरून मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "अन् लोक?"

"गप झाले सारे," मारोतराव म्हणाले. हे खोटं नव्हतं. सुरुवातीला झालेच होते.

चंपतनं डावा हात डोळ्यांवर आडवा घेतला. थोड्या वेळानं त्याखालून आवाज आला, "मायले नोका सांगू, भाऊजी. मले जोड भेटली म्हून. थे अजून म्हणते ना, जोड नाई माह्या पोराची."

रुक्मा स्वयंपाकघरात गेली आणि तिनं उगीचच घागर रिकामी करून पुन्हा भरली.

कंपनी पुढं राजनांदगावला गेली. टपरीवर मारोतरावांना कुस्त्या विचारणं हळूहळू बंद झालं. मुद्दाम कुणी केलं नाही. एखाद्या दुकानाकडे पाय वळेनासे होतात, तसं. मध्येच कुणी विसरून विचारलं, तर ते म्हणत, "आता आठवत नाई." सगळ्या कुस्त्या त्यांना आठवत होत्या.

चंपतचा उजवा हात खांद्याच्या वर गेला नाही. खांबावर चढणाऱ्या माणसाचा हात वर जात नसेल तर ठेकेदार काय करणार. त्यानं काढून टाकलं. रोज सकाळी रुक्मा भावाला आपल्यासमोर बसवून त्याचे केस विंचरू लागली. एवढा मोठा माणूस गुडघे छातीशी घेऊन बसायचा आणि तिचा हात पोचावा म्हणून मान खाली घालायचा. मारोतराव त्या वेळी पाणी आणायला जात.

कुणीतरी सांगितलं की हलकं काम मिळू शकतं, चौकीदाराचं. पण कुस्तीत लागलं, दारू पिऊन पडला नाही, एवढं कुठूनतरी सिद्ध करून आणा. मारोतराव रजा घेऊन दुर्गच्या कचेरीत गेले. खेळाला परवानगी तिथूनच मिळते. खिडकीशी नरहरी नावाचा नागपूरकडचाच कारकून होता. त्यानं आपुलकीनं चौकशी केली, चहा मागवला, आत जाऊन विचारून आला.

"भाऊ, त्या आठवड्यात भिलाईत कुस्ती झालीच नाई," तो म्हणाला. "परवानगी सर्कशीची होती."