समुद्रापासून चौसष्ट किलोमीटर

दहावीचा शेवटचा पेपर देऊन मृण्मयी घरी आली, तेव्हा तिच्या वडिलांनी, राघवेंद्रनं, कबूल केल्याप्रमाणे विचारलं, "बोल, काय पाहिजे?"

नांदेडात या प्रश्नाची उत्तरं साधारण ठरलेली आहेत. मोबाइल किंवा स्कूटी. मृण्मयी म्हणाली, "सर्फिंग."

"म्हणजे?"

"फळीवर उभं राहून समुद्राच्या लाटेवरून यायचं. मी आणि आई. आठ दिवस."

राघवेंद्र पाटबंधारे खात्यात होता. विष्णुपुरीच्या धरणावर त्याची अकरा वर्षं गेली होती. पाणी अडवायचं, मोजायचं आणि वरून आदेश आला की सोडायचं, एवढं त्याला माहीत होतं. त्याच्यावर उभं राहायचं असतं, हे त्याला नवीन होतं. पण शब्द दिला होता, आणि मुलगी त्याच्याकडे बघत होती. तो म्हणाला, "दादाला विचारू."

मृण्मयीची आई सौदामिनी तेव्हा स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही, पण हातातली मेथी तशीच राहिली. ती ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. एकोणीस वर्षं ती वर्गाच्या दाराच्या कडीला दोरी बांधून, दुसरं टोक हलवून पोरांना 'तरंग' शिकवत आली होती. लाटेबरोबर पाणी पुढं येत नाही, फक्त ऊर्जा पुढं येते, हे तिनं हजारभर पोरांना पटवलं होतं. ती स्वतः समुद्रात घोट्याइतकीसुद्धा उतरली नव्हती.

तिच्या मनात दुसराही एक हिशोब होता. एप्रिल संपता संपता मृण्मयी लातूरला जाणार होती. अकरावी, बारावी, मेडिकलची तयारी. दोन वर्षं. रविवारी पंधरा मिनिटं फोन. त्याआधीचे वीस ते सत्तावीस एप्रिल एवढेच दिवस मोकळे होते. ते तिला मुलीबरोबर हवे होते. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर त्यावरही कुणीतरी रकाना आखला असता.

रकाने आखणारे म्हणजे रेणुकादास, राघवेंद्रचे थोरले भाऊ. लातूरला राहायचे. शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून तीस वर्षं शाळा तपासून ते निवृत्त झाले होते. शाळा संपल्या, तपासणी संपली नव्हती. घरात सोयरीक असो की कूलर, त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय काही येत नसे.

"लाटेचं तू बघ," ते फोनवर सौदामिनीला म्हणाले, "तुझा विषय आहे. राहण्याचं मी बघतो. दोघी बायका, परका मुलूख. कुठंही उतरायचं म्हणजे काय चेष्टा आहे?"

तिसऱ्या दिवशी एक पत्रक आलं. वर ठळक अक्षरांत 'निवासस्थान तपासणी', खाली सतरा प्रश्न. खोलीस खिडकी आहे काय? असल्यास कोणत्या दिशेस? बाहेर पडण्याचे मार्ग किती? मालक सहकुटुंब तेथेच राहतात काय? स्वयंपाक शाकाहारी आहे काय? नसल्यास भांडी वेगळी आहेत काय? शेजारच्या खोलीत कोण? शेवटचा प्रश्न होता : आपल्या ओळखीचे कोणी पूर्वी तेथे उतरले आहे काय? असल्यास नाव व गाव.

मालवणच्या खालच्या अंगाला, वाळूला लागून असलेल्या नऊ घरांना हे पत्रक गेलं. चौघांनी उत्तरच दिलं नाही. दोघांनी नुसते हात जोडलेले पाठवले. एका मालकानं 'शेजारच्या खोलीत कोण' या प्रश्नापुढं प्रामाणिकपणे 'जो येईल तो' असं लिहिलं आणि तो तिथंच नापास झाला. उरलेली दोन घरं माशांच्या वासावर गेली.

त्यातलं एक सौदामिनीला आवडलं होतं. दोन खोल्या, समोर सुरूची झाडं, पुढं वाळू. मालकीणबाई स्वतः फोनवर बोलल्या होत्या. त्यांचा भाचाच सर्फिंग शिकवायचा. वास येतो का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या होत्या, "येतो की! समुद्र आहे ना." सौदामिनीनं तो नंबर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला.

इकडं तयारी चालू होती. मृण्मयीनं मोबाइलवर बघून आईला शिकवायला घेतलं. सतरंजीवर पालथं पडायचं, हातानं पाणी मारायचं आणि एका झटक्यात दोन्ही पायांवर उभं राहायचं.

"आई, गुडघा टेकवायचा नाही."

"अगं, गुडघा नाही टेकवला तर मी उठणार कशी?"

"लाट थांबते का तुझ्यासाठी?"

"माझ्या वर्गात थांबायची," सौदामिनी म्हणाली आणि पुन्हा पालथी पडली. एकदा ती अशी पडलेली असतानाच रेणुकादासांचा व्हिडिओ कॉल आला. मृण्मयीनं उचलला.

"सौदामिनीला काय झालं?"

"काही नाही, मोठे काका. लाटेची वाट बघतेय."

त्या दिवशी रेणुकादास खुशीत होते. जागा मिळाली होती. त्यांच्या हाताखाली पूर्वी असलेल्या केंद्रप्रमुखाचा साडू एका देवस्थानचा विश्वस्त होता. भक्तनिवास. स्वच्छ खोल्या, पूर्वेला खिडकी, दोन जिने, सात्त्विक जेवण, फाटक आठला बंद. सतरापैकी सतरा.

"आणि समुद्र?" सौदामिनीनं विचारलं.

"चौसष्ट किलोमीटर."

"भाऊजी, मध्ये घाट आहे."

"रोज जाऊन येऊन करा. एसटी आहे की! आपल्याकडची पोरं मुरूडहून लातूरला रोज क्लासला येतात. त्यांचं काही बिघडलं का?"

राघवेंद्रनं चहाच्या कपात बघितलं. आदेश आल्याशिवाय दार उघडायचं नाही, ही सवय घरीही सुटलेली नव्हती. मृण्मयी उठून सतरंजीची घडी करायला लागली. चौकोनी, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. सौदामिनीला ते बघवेना.

सतरा एप्रिलला सगळे लातूरला गेले, वसतिगृह ठरवायला. त्याआधीच रेणुकादासांनी एक जागा हेरून ठेवली होती. क्लासच्या मागच्या गल्लीतली तीन मजली इमारत, 'शरणम्मा गर्ल्स होस्टेल'. शरणम्मा साठीच्या, कपाळाला विभूती, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"या साहेब. खाट धरून ठिवलीय तुमच्यासाठी. चार नंबर."

दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत चार खाटा होत्या, चार टेबलं, आणि दोन खाटांच्या मध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. भिंतीला खिडकी नव्हती. दारावर एक झरोका होता, तो जिन्याकडं उघडत होता. दिवसा अकराला ट्यूबलाइट लावावी लागली.

"मागल्या साली ह्या खाटंवरची पोरगी सरकारी मेडिकलला लागली," शरणम्मा म्हणाल्या. "लई मागणी हाय खाटंला. नायगावचे लोक कालच येऊन गेले."

रेणुकादासांनी चपला दाराबाहेर काढल्या, आत आले आणि खाटेच्या लोखंडी कडेला दोन बोटं लावून ती कपाळाला लावली. मागोमाग राघवेंद्रनंही लावली. येऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती.

"घेतली," रेणुकादास म्हणाले.

"मग वीस तारखंपासून पोरगी झोपाय पायजे," शरणम्मा म्हणाल्या. "रिकामी ठिवत न्हाई. ही काय एसटीतली सीट हाय व्हय, रुमाल टाकून ठिवाय?"

"वीसला येईल," रेणुकादास म्हणाले. "समुद्र काय, बारावीनंतरही तिथंच असतो."

मृण्मयी खाटेवर बसली होती. तिनं मान हलवली, शहाण्या मुलीसारखी. तिचं लक्ष झरोक्याकडं होतं.

सौदामिनीनं पर्स उघडली. आत ते पत्रक होतं, चार घड्या घातलेलं, आणि प्रयोगवहीला वापरायची पेन्सिल होती. तिनं कागद टेबलावर पसरला.

"शरणम्माताई, खोलीला खिडकी?"

"न्हाई."

तिनं फुली मारली. "बाहेर पडायचे मार्ग?"

"ह्यो एकच जिना की."

"तुम्ही इथंच राहता?"

"मी खालच्या गल्लीत. रातच्याला कुलूप लावून जाते."

"शेजारच्या खोलीत कोण?"

"जी येईल ती, ताई."

"सौदामिनी, काय चालवलंय हे?" रेणुकादास म्हणाले.

"तपासणी, भाऊजी. तुमचंच पत्रक आहे." तिचा आवाज चढला नव्हता, प्रयोगशाळेत उपकरणावरचं वाचन सांगतात तसा तो होता. सतरा प्रश्न पूर्ण करून तिनं बेरीज केली. "सतरापैकी तीन. मासळीचं घर अकरावर होतं, ते तुम्ही नापास केलंत. तिथं आठ दिवस राहायचं होतं. इथं दोन वर्षं."

जिन्यात कुणीतरी बादली आपटली.

"खाट जाईल," राघवेंद्र हळूच म्हणाला.

"जाऊ द्या. आम्ही वीस ते सत्तावीस समुद्रावर असू. समुद्रापासून चौसष्ट किलोमीटरवर नाही. आल्यावर खिडकी असलेली खोली बघू. मिळेल ती."

राघवेंद्रनं भावाकडं बघितलं, मग पत्रकाकडं, मग खाटेवर बसलेल्या मुलीकडं. "दादा," तो म्हणाला, "जाऊ दे त्यांना." लग्नानंतरच्या अठरा वर्षांत आदेशाशिवाय उघडलेलं हे पहिलं दार होतं.

सौदामिनी फोन करायला जिन्यात आली, तशी शरणम्मा मागून आल्या. "ताई, जाऊन या खुशाल. वरच्या मजल्यावर एक हाय खिडकीची, ठिवते तुमच्यासाठी."

"आणि चार नंबर?"

शरणम्मांनी खोलीकडं बघून आवाज खाली केला. "त्या मेडिकलला लागलेल्या पोरगीची खाट कंची, मलाच ध्यानात न्हाई बगा. ज्यो येतो त्यो विचारतो, मग सांगावं लागतंय."

मालकीणबाईंनी फोन लगेच उचलला. खोली मोकळी होती. आई आणि मुलगी, वीस ते सत्तावीस, हे त्यांनी लिहून घेतलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"पोहता येतं ना?"

महिनाभर सतरा रकाने फिरत होते. एक भौतिकशास्त्राची बाई, एक पाटबंधारे खात्याचा अधिकारी आणि एक निवृत्त तपासनीस. हा प्रश्न त्यांच्यापैकी एकालाही सुचला नव्हता.

"मुलीला येतं," ती म्हणाली. "मला नाही."

"चालेल. तुम्हाला कमरेइतक्या पाण्यात शिकवील माझा भाचा. घाबरता का?"

"माहीत नाही," सौदामिनी म्हणाली. ते अगदी खरं होतं.

एकोणीसला सकाळी लातूरच्या बसस्थानकावर कोल्हापूरच्या गाडीला ही गर्दी. रेणुकादास पोचवायला येणार नाहीत, असं सगळ्यांनी धरलं होतं. ते आले. हातात पंचा होता. गाडी फलाटाला लागायच्या आत ते धावत सुटले, अडुसष्टाव्या वर्षी, धोतराचा सोगा हातात धरून. चालत्या गाडीच्या खिडकीतून त्यांनी पंचा आत फेकला आणि सीट धरली.

मग दोघी चढल्या, पिशव्या वर ठेवल्या, आणि सौदामिनी सवयीनं आतल्या, खिडकीजवळच्या जागेवर सरकायला लागली, तोच खालून काचेवर थाप पडली.

"अगं ए! खिडकीजवळ पोरीला बसव!" रेणुकादास ओरडले. "आणि माझा पंचा दे."