केलच्या वाफ्यातलं खुरपं

मित्रांनो, मी एक जुनं खुरपं आहे. मुरुम गावच्या लोहारानं ट्रकच्या कमानपाट्यातून मला ठोकून काढलं. तेव्हा माझं पातं तळहाताएवढं रुंद होतं. शिवम्माच्या हातात तण काढून काढून आता बोटभर उरलंय. खंडेनवमीला तेवढं हळदकुंकू, मग वर्षभर चिखल. जीव दमला आता.

दसऱ्यानंतर तिच्या सुनेनं, शिवलीलानं, परसात केल लावली. केल ही कोबीचीच भावकी, पण गड्डा धरत नाही. नुसती कुरळी पानं. शिवलीलाच्या नवऱ्याला, कल्याणप्पाला, तिथं गाडी लावायला सिमेंटचा कोबा करायचा होता. वाळू येऊन पडलीसुद्धा!

"येळवशीच्या भज्जीत तुजी केल पडली तर परस राहील," तो म्हणाला. "न्हाय तर दुसऱ्या दिवशी कोबा."

येळवस म्हणजे शेतात बसून मिसळ पालेभाज्यांची भज्जी आणि आंबील जेवायची अमावस्या. दिवस थोडे होते. शिवलीला राबली. शेणखत घातलं, माझ्याकडून माती मोकळी केली. मावा कीड पडली तेव्हा सकाळच्या दंवात पानांवर चुलीची राख उधळली. रोपं गुडघ्याला आली.

आणि एका दुपारी शिवम्मानं सगळ्या रोपांचे शेंडे खुडले.

"अत्या! काय केलंव हे?"

"अगं, हरभऱ्याचा शेंडा खुडल्याबिगर फुटवा येतो व्हय? तुजं काम हलकं केलं."

"हा हरभरा न्हाय ओ! हिची खालची पानं तोडायची, शेंडा ठेवायचा. वाढ तिथनंच हाय."

कल्याणप्पा दारातून हसला. "म्हातारीनंच कोबा पास केला की!"

म्हातारी दुसऱ्या दिवसापासून पहाटे मला घेऊन वाफ्यात बसू लागली. कंबर धरून खुरपायची, हलकं पाणी द्यायची, दुपारी रोपांवर जुनं लुगडं ताणायची. रोपं मुंडकं छाटल्यासारखी उभी. मग हळूच पानांच्या बेचक्यातून बारीक फुटवे डोकावले. शेंड्यापेक्षा उशिरा, पण आले.

येळवशीला शेतात कल्याणप्पानं भज्जी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

"लई झाक झालीय. काय पडलंय हिच्यात?"

"तुजा कोबा," शिवम्मा म्हणाली. "खा गप."

परस वाचलं. वाळूच्या ढिगावर आता मांजर झोपतं. सगळ्यांनी केलची वाहवा केली, शिवलीलाची केली, शेवटी म्हातारीचीही केली. मी त्या दिवसापासून वाफ्यातच पडून आहे, ओल्या मातीत, गंज खात.

मित्रांनो, माझी पूजा करू नका. देवासारखं मखरात बसवायचं आणि गुरासारखं राबवायचं, हे ढोंग पुरे झालं. काम संपलं की माती पुसा, तेलाचं बोट फिरवा, वळचणीला अडकवा. एवढंच. हळदकुंकवानं गंज जात नाही.